बंदुकीचा कारागीर : एक विस्मृत परंपरा

आपल्या ग्रंथालयातील इतिहासाची कपाटे ज्यांनी चाळली आहेत, त्यांना एक गोष्ट जाणवल्यावाचून राहिली नसेल. तेथे बखरी आहेत, ऐतिहासिक पत्रव्यवहाराचे खंड आहेत, सरदार घराण्यांच्या कैफियती आहेत. किल्ला कोणी बांधला, मोर्चे कोणी लावले, तह कोणत्या मितीस झाला, हे सारे तेथे सापडते. परंतु ज्या बंदुकांनी त्या लढाया झाल्या त्या कोणाच्या भट्टीत तयार झाल्या, त्यांच्या नळ्या कोणी घडविल्या आणि ऐन मोहिमेत नादुरुस्त झाल्या तर त्या कोणाकडे नेल्या जात, असे विचारू जाता आपल्याला बहुधा रिकाम्या हाताने परतावे लागते. शिपायाचे नाव क्वचित सापडते. पण त्याच्या बंदुकीच्या लोहाराचे नाव जवळजवळ नाहीच. या कारागिराविषयी चार गोष्टी सांगाव्यात, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मी मराठीचा अध्यापक. ऐरणीशी माझा संबंध नाही. तेव्हा या विषयाकडे मी शब्दांच्या वाटेने आलो, हे आरंभीच सांगितलेले बरे.

आपण विद्यार्थ्यांना शिस्त लावण्याच्या गोष्टी करतो. हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि त्याचा जुना अर्थ नेम असा आहे. ‘शिस्त धरणे’ म्हणजे नळीच्या टोकावरील माशी आणि लक्ष्य एका रेषेत आणणे. बंदूक मागे पडली आणि शाळेतील शिस्त तेवढी उरली! ‘फुसका बार’, ‘बत्ती देणे’, ‘तोफेच्या तोंडी देणे’ हे वाक्प्रचार तर रोजच्या बोलण्यातले. दारू पेटविण्यासाठी नळीला जे बारीक छिद्र असे त्याला ‘कान’ म्हणत, त्यावर टाकावयाच्या बारीक दारूला ‘रंजक’ आणि पेटत्या वातीला ‘तोडा’. चाप, घोडा, दस्ता, गज हे शब्द अजूनही सर्वांना कळतात. एखाद्या भाषेत एका वस्तूच्या इतक्या अवयवांना स्वतःची नावे असतात, तेव्हा ती वस्तू त्या भाषेच्या लोकांनी केवळ खांद्यावर वाहिलेली नसते; ती उघडून पाहिलेली, घासलेली आणि दुरुस्त केलेली असते. असे असताना ती दुरुस्त करणारा इतिहासातून नाहीसा व्हावा, हे विलक्षण आहे.

बंदूक घडविण्यात अवघड भाग कोणता, असे विचारले तर सामान्य माणूस नळी असे सांगेल. नळी अवघड खरीच. लोखंडाची पट्टी तापवून सळईभोवती पिळत न्यावयाची, सांधे ठोकून एकजीव करावयाचे, मग आतून घासून सरळ आणि गुळगुळीत करावयाचे, हे काम महिन्यांचे आणि चिकाटीचे. परंतु खरी परीक्षा नळीच्या बुडाशी असते. बार उडताना दारूचा सारा धक्का जसा गोळीला पुढे ढकलतो तसाच तो बुडाला मागे ढकलतो, आणि बुडामागे नेम धरणाऱ्याचा चेहरा असतो. बूड तापवून ठोकून कायमचे बंद केले तर आतील काजळी आणि न जळलेली दारू नीट काढता येत नाही. ते बूड मळसूत्राने बसविले, म्हणजे आतून आटे पाडून त्यात आट्यांचा दट्ट्या फिरवून घट्ट केला, तर तो काढताही येतो आणि धक्काही सोसतो. मात्र आटे ढिले असतील तर ती बंदूक शत्रूआधी मालकाला मारते. नळी घडविणारे लोहार पुष्कळ असत; असे आटे पाडणारा हात मोजक्यांनाच लाभे. बंदुकीच्या कारागिराची ओळख येथे होते आणि पुढे जे सांगावयाचे आहे ते याच मळसूत्राभोवती फिरणारे आहे.

१५१० मध्ये आफोंसो द अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा जिंकला. तेथे त्याला बंदुका घडविणारे कारागीर आयतेच सापडले. १५१३ मध्ये पोर्तुगालचा राजा दों मानुएल याला लिहिलेल्या पत्रात अल्बुकर्कने या कारागिरांची वाखाणणी केली आहे. त्या काळी बोहेमियाच्या बंदुका युरोपात नावाजलेल्या होत्या. गोव्याचे लोक त्यांच्या तोडीच्या बंदुका करतात आणि त्यांना मळसूत्राची बुडे बसवितात, असे तो राजाला कळवितो आणि त्यांच्या कामाच्या नमुन्यांबरोबर एक निष्णात कारागीरच लिस्बनला पाठवून देतो. आपल्याकडे पाश्चात्त्यांनी बंदूक आणली आणि आपण ती घेतली, असे सरधोपट विधान शालेय पुस्तकांतून वाचलेल्यांनी या पत्रापाशी क्षणभर थांबावे. जिंकणारा सेनापती आपल्या राजाला पराभूतांच्या कारागिरीचा नमुना म्हणून माणूस पाठवितो आहे! अर्थात गोव्यातील ही विद्या निव्वळ एतद्देशीय होती असेही नव्हे. आदिलशाही आणि निजामशाहीच्या दरबारांत तुर्की तोफकार होतेच. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरात ओतली ती मुहंमद बिन हुसेन रूमी याने. विद्या चहूकडून आली, पण ती इथल्या हातांत मुरली.

या विद्येचा पुढचा प्रवास अधिक मनोरंजक आहे. १५४३ मध्ये काही पोर्तुगीज जपानच्या दक्षिणेकडील तानेगाशिमा बेटावर उतरले. तेथील तरुण अधिपती तोकिताका याने त्यांच्याकडून दोन बंदुका विकत घेतल्या आणि आपल्या पदरच्या लोहारांना तशाच घडविण्याची आज्ञा दिली. याइता किन्बेइ हा त्यांतील प्रमुख. तलवारीच्या पोलादात जपानी लोहारांचा हात धरणारा कोणी नव्हता. नळी त्यांनी हुबेहूब केली. अडले ते बुडापाशी. मळसूत्र कसे करावयाचे, नळीच्या आत आटे कसे पाडावयाचे, हे त्यांना उमगेना. पुढल्या वर्षी आलेल्या जहाजावर एक परदेशी लोहार होता, त्याच्याकडून किन्बेइने ते शिकून घेतले, असे सतराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या जपानी वृत्तान्तात नमूद आहे. किन्बेइने त्यासाठी आपली मुलगी परदेशी माणसाला दिली, अशी दंतकथाही त्या बेटावर सांगतात. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षांत, १५७५ च्या नागाशिनोच्या लढाईत, ओदा नोबुनागाच्या बंदूकधाऱ्यांनी घोडदळाचा मोड केला. जपानी बंदुकीच्या चापाची रचना युरोपातील तत्कालीन रचनेपेक्षा गोवा-मलाक्का भागातील बंदुकांशी अधिक जुळते, असे मत काही शस्त्राभ्यासकांनी मांडले आहे. ते ग्राह्य धरले तर आपल्या किनाऱ्यावरील लोहाराची विद्या जपानच्या इतिहासाला वळण देऊन गेली असे म्हणावयास हरकत नाही.

किन्बेइचे नाव जपान विसरलेला नाही. गोव्याहून लिस्बनला गेलेल्या कारागिराचा अल्बुकर्कच्या पत्रात उल्लेख आहे तो केवळ गोव्याचा निष्णात कारागीर म्हणून.

मराठ्यांच्या राज्यात बंदुकीची गरज होती, पैसाही होता, कारखानेही निघाले. थोरल्या माधवरावांच्या काळात जुन्नरजवळ आंबेगव्हाण येथे तोफखान्यासाठी कारखाना चालत असे. पानसे घराण्याकडे तोफखान्याची परंपरा होती. सोनोरीजवळचा मल्हारगड त्यांनीच बांधलेला. परंतु पुण्याच्या दरबाराचा कल परदेशी माल विकत घेण्याकडे अधिक राहिला, हे मान्य करावे लागते. इंग्रज, फ्रेंच, पोर्तुगीज यांच्याकडून बंदुका आणि दारूगोळा घेणे सोपे वाटे आणि ते ऐन वेळी अडवून धरतील याची जाणीव उशिरा होई. महादजी शिंद्यांनी मात्र ही उणीव ओळखली. त्यांचा सेनानी द बॉयन्य याने आग्र्याला कारखाना उभारला आणि सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तेथे तोफा ओतल्या जाऊ लागल्या, बंदुकाही तयार होऊ लागल्या. एक बंदूक दहा रुपयांत पडे आणि ती युरोपीय नमुन्याला उतरत असे, असे त्या काळच्या माहितीवरून इंग्रज लेखकांनी लिहिले आहे. १८०३ मध्ये असईच्या रणांगणावर इंग्रजांच्या हाती शिंद्यांच्या ज्या तोफा लागल्या, त्यांच्या घडणीचे कौतुक खुद्द शत्रूने केले. सँगस्टरचे नाव राहिले. त्याच्या हाताखाली घण मारणारे, कानस चालविणारे, आटे पाडणारे शेकडो लोक आग्र्याचे, ग्वाल्हेरचे आणि कदाचित दक्षिणेतलेही असतील. हजेरीपटापलीकडे त्यांची नोंद झाली नाही. त्यांच्या मुलानातवंडांनी पुढे काय केले असेल, हा प्रश्न मला अधूनमधून छळतो. शिकलगार हे आडनाव आज सातारा-सांगलीकडे घरोघर ऐकू येते. त्यांचे पूर्वज शस्त्रांना धार आणि झिलई देत. पुढे पुष्कळांच्या हाती कात्र्या आणि विळ्यांना धार लावण्याचे चाक तेवढे राहिले.

येथे थोडे आमच्या भागाकडे वळतो, कारण नगरहवेलीचा इतिहासच बंदुकीच्या आवाजाने सुरू होतो. १७७२ मध्ये मराठी आरमाराने ‘सान्ताना’ हे पोर्तुगीज जहाज पकडले. त्याच्या भरपाईच्या बोलण्यांतून १७ डिसेंबर १७७९ चा तह झाला आणि पेशव्यांनी बारा हजार रुपये वसुलाची गावे पोर्तुगीजांना लावून दिली. १७८३ मध्ये नगरहवेलीचा ताबा त्यांच्याकडे गेला, दादरा १७८५ मध्ये. एका जहाजाची किंमत म्हणून बहात्तर गावांची माणसे पावणेदोनशे वर्षे परक्या अमलात राहिली. दमणगंगेच्या खोऱ्यातील वारली, कोकणा, कातोडी यांना या तहाची वार्ता कधी कळली असेल, कोण जाणे! त्यांच्या हाती तीरकामठा होता आणि तो दुरुस्त करण्यासाठी कोणत्याही दरबाराच्या परवान्याची गरज नव्हती.

परवान्याची गोष्ट पुढे येते. १८५७ नंतर इंग्रजांनी लोकांची हत्यारे काढून घेण्याचा सपाटा लावला आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा झाला. या कायद्याची चर्चा आपण सहसा बाळगणाऱ्यांच्या बाजूने करतो. युरोपियनांना सूट आणि हिंदी माणसाला परवाना, हा अपमान होताच. राष्ट्रीय सभेने त्याविरुद्ध ठरावही केले. परंतु त्याच कायद्याने विनापरवाना हत्यार तयार करणे, विकणे, त्याच्यात फेरफार करणे हा गुन्हा ठरविला, याकडे फारसे कोणी पाहत नाही. बाळगणाऱ्याची बंदूक गेली म्हणजे एक वस्तू गेली. कारागिराचा परवाना गेला म्हणजे एक विद्या गेली. मुलगा बापाच्या हाताखाली शिकतो तो काम समोर असते म्हणून. काम नाही तर शिकवावयाचे काय? नेमक्या त्याच काळात युरोपात यंत्रावर आटे कापले जाऊ लागले, नळीच्या आत फिरत्या खाचा पाडून रायफली होऊ लागल्या, मागून काडतूस भरावयाची बंदूक आली. या स्थित्यंतराच्या वेळी आपला कारागीर भट्टीपासूनच दूर ठेवला गेला. संस्थानिकांच्या शिलेखान्यांतून थोडेफार काम राहिले. मुंबई-कलकत्त्याच्या दुकानांतून साहेबांच्या आणि राजेरजवाड्यांच्या शिकारी बंदुकांची दुरुस्ती चाले. दुकानावरील पाटी साहेबाची आणि आतल्या लेथवर हात इथल्या मिस्त्रीचा.

ही विद्या गेल्याची किंमत काय, हे सर्वांत आधी ज्यांना कळले त्यांत एक मराठी नाटककार होता, ही गोष्ट माझ्यासारख्या साहित्याच्या माणसाला अभिमानाची वाटते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर आपल्याला ‘कीचकवध’, ‘मानापमान’ आणि ‘स्वयंवर’चे कर्ते म्हणून ठाऊक आहेत, ‘कीचकवध’ हे नाटक १९०७ मध्ये रंगभूमीवर आले आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली, हेही ठाऊक आहे. त्याआधीची त्यांची कामगिरी मात्र फारशी सांगितली जात नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत लोकमान्य टिळकांच्या संमतीने खाडिलकर नेपाळात गेले. चित्रशाळेचे वासुकाका जोशी हेही या मसलतीत होते. खाडिलकरांनी तेथे कौलांचा कारखाना काढला. कौले हे निमित्त. खरा बेत बंदुकांचा कारखाना उभारण्याचा होता. स्वतंत्र राज्य, इंग्रजांचा कायदा तेथे चालत नाही, आणि भट्टी, कोळसा, यंत्रे, बाहेरून येणारी खोकी या साऱ्यांना कौलांच्या कारखान्याचे पांघरूण. योजना कल्पक होती. कोल्हापूरकडील मंडळींपर्यंत तिचे धागे पोहोचले होते. पुढे बातमी फुटण्याची चिन्हे दिसू लागली आणि बेत सोडून खाडिलकरांना परतावे लागले.

या प्रकरणाकडे केवळ साहसकथा म्हणून पाहू नये, असे मला वाटते. चारशे वर्षांपूर्वी गोव्यातला लोहार ज्या मळसूत्रासाठी राजाकडे पाठविला गेला, तेच मळसूत्र आता आपल्या देशात उघडपणे कोणाला करता येत नव्हते आणि त्यासाठी ‘केसरी’च्या संपादकवर्गातील एका पदवीधर विद्वानाला हिमालयाच्या पायथ्याशी कौले भाजत बसावे लागले. पदवीधर माणूस पुढे होता, पैशाची जुळवाजुळव करणारे होते, पण रायफलची नळी आतून कापणारे हात कोठून आणणार, या प्रश्नाचे उत्तर सोपे नव्हते. कौलाचा साचा मातीचा असतो, तो चार दिवसांत शिकता येतो.

त्यानंतर क्रांतिकारकांनी हत्यारे घडविण्याचा नाद बहुधा सोडला आणि मिळविण्याचा मार्ग धरला. सावरकरांनी लंडनहून पाठविलेली ब्राउनिंग पिस्तुले हे त्याचे ठळक उदाहरण. १९०९ च्या नाशिकच्या जॅक्सन वधात त्यांतलेच एक होते. बेचाळीसच्या चळवळीत साताऱ्याच्या प्रतिसरकारातील कार्यकर्त्यांनी गोव्यातून हत्यारे आणली, कारण इंग्रजांचा कायदा पोर्तुगीज हद्दीपाशी थांबत असे.

आणि मग १९५४ साल. दादरा २२ जुलैला मुक्त झाले, २८ जुलैला नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा. सुधीर फडके, विनायकराव आपटे, राजा वाकणकर, नाना काजरेकर, बाबासाहेब पुरंदरे, प्रभाकर सिनारी ही नावे आमच्या भागात आदराने घेतली जातात. ग्रंथालयाच्या वाचकांना त्यांतील विश्वनाथ नरवणे यांचे नाव वेगळ्या कारणाने परिचित असेल. सोळा भाषांचा ‘भारतीय व्यवहार कोश’ सिद्ध करणारे तेच हे नरवणे. गायक, कोशकार, शिवशाहीर! सैन्यशिक्षण घेतलेले त्यांत फार थोडे. पैसा उभा करण्यासाठी लता मंगेशकर यांच्या गाण्याचा कार्यक्रम पुण्यात झाला, हे प्रसिद्धच आहे. शस्त्रे मोजकी होती आणि तीही इकडून तिकडून जमविलेली. अशा शस्त्रांत एक अडचण नेहमी असते. एका जातीचे काडतूस दुसऱ्या जातीच्या बंदुकीला चालत नाही, सुटे भाग जुळत नाहीत, आणि बिघडले तर उघडपणे कोणाकडे नेता येत नाही. संख्या आणि सामग्री मोठी आहे असा भास निर्माण करणे हा त्या लढ्याचा महत्त्वाचा भाग होता आणि तो यशस्वी झाला. पोर्तुगीज कप्तान फिदाल्गो सुमारे दीडशे शिपायांसह सिल्वासा सोडून खानवेलच्या दिशेने मागे सरला आणि ११ ऑगस्टला उडव्याला शरण आला. खानवेल हे आमच्या दुधनीच्या वाटेवरचे गाव. सिल्वासाहून येणारी एस.टी. आणि जीप आजही तेथूनच वळते.

स्वातंत्र्यानंतर कारागिराचे दिवस पालटले का? याचे उत्तर सरळ देता येत नाही. वंशभेदाची सूट आता अर्थातच नव्हती आणि १९५९ मध्ये नवा हत्यार कायदा झाला. पण हत्यार तयार करणे, विकणे, दुरुस्त करणे, त्यात फेरफार करणे, त्याची चाचणी घेणे या प्रत्येकाला परवाना लागतो. नळी आखूड करणे हा तर स्वतंत्र कलमाचा विषय आहे. समाजाच्या सुरक्षिततेसाठी हे आवश्यक आहे, त्याविषयी माझी तक्रार नाही. गावठी कट्ट्यांच्या बातम्या वाचणाऱ्या कोणाचीही नसावी. तथापि परवानाधारक कारागिराकडे आलेले कामही वर्षागणिक घटत गेले. संस्थाने विलीन झाली, शिलेखान्यांची वस्तुसंग्रहालये झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झाले. लष्करी जातीची ३०३ रायफल सामान्य नागरिकाला वर्ज्य असल्याने ईशापूरच्या सरकारी कारखान्याने त्याच घडणीवर ३१५ बोअरची रायफल काढली. लष्करी काडतूस तीत बसत नाही, हाच तिचा हेतू. उरली ती शेतीच्या रक्षणासाठी परवाना मिळालेली ठासणीची बंदूक. कोकणात रानडुकरे आणि माकडे यांच्यापासून पीक राखण्यासाठी ती अजून आहे आणि निवडणुका आल्या की पोलीस ठाण्यात जमा होते.

तरीही या कामाचे कौशल्य काय दर्जाचे असते ते समजून घेण्याजोगे आहे. सुताराचे माप सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. रायफलच्या कारागिराचे माप इंचाचा हजारावा भाग. नळी ज्या खोक्यात बसते त्याच्या आट्यांची मध्यरेषा नळीच्या मध्यरेषेशी तंतोतंत जुळावी लागते. किंचित तिरपी असेल तर गोळी दर वेळी त्या बाजूला झुकते. काडतूस बसते ती जागा खोल झाली तर पितळी पुंगळी फाटण्याचा धोका, उथळ राहिली तर खटका बंदच होत नाही. नळीच्या तोंडाची कड सर्व बाजूंनी सारखी असावी लागते, कारण गोळीचा शेवटचा स्पर्श तेथे होतो आणि तेथला खरचटलेला कोपरा पन्नास मीटरवर अंगठ्याएवढी चूक दाखवितो. कारखान्यातून निघालेली रायफल सरासरी माणसासाठी असते. कुशल कारागीर ती लेथवर चढवून, मोजून, घासून एका विशिष्ट माणसाची करतो. शिंप्याने अंगाच्या मापाने कपडा बेतावा तसे हे काम; फरक इतकाच की येथे शिवण उसवून चालत नाही.

आज हे काम दिसते ते नेमबाजीच्या क्षेत्रात. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने पुण्यात बालेवाडीचे क्रीडासंकुल उभे राहिले. मुंबईत वरळीचा सराव जुना आहे. अंजली भागवत, सुमा शिरूर यांच्यापासून कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतपर्यंत मराठी नेमबाजांची मालिका तयार झाली. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली आणि कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल तीन अवस्था या प्रकारात कांस्यपदक मिळविले. या दर्जाच्या रायफली जर्मनी-ऑस्ट्रियाकडून येतात. त्यांचा दस्ता, गालाची टेकण, खांद्यामागचा आकडा, चापाचे वजन हे सारे नेमबाजाच्या हाडापेरांप्रमाणे जुळवावे लागते. जेथे नळीला हात लावावयाचा नसतो तेथे एखादी पट्टी, एखादे वजन, एखादा जोड स्थानिक यंत्रशाळेतला मिस्त्री ॲल्युमिनियममधून कापून देतो आणि पुष्कळदा उत्तम देतो. नळीचे आणि बुडाचे काम मात्र परवानाधारकाचेच, आणि असे वरच्या दर्जाचे परवानाधारक आपल्याकडे फार थोडे. कोल्हापूरच्या ओतकामाच्या आणि यंत्रकामाच्या भट्ट्यांतून देशभर पंप आणि मोटारींचे भाग जातात. तेथे हजाराव्या भागापर्यंत मोजणारे हात शेकड्यांनी आहेत. तेव्हा हात नाहीत म्हणून ही विद्या गेली, असे म्हणता येणार नाही. हात आहेत, बापाकडून मुलाकडे येणारी साखळी तेवढी मध्येच तुटली.

ही साखळी कशी होती हे कळावयास पाहिजे असेल तर कागद लागतील. मी ज्या दुधनीतून हे लिहितो आहे तेथे दमणगंगेवरील मधुबन धरणाचे पाणी पसरले आहे आणि जुन्या वस्त्यांच्या कितीतरी खुणा त्या पाण्याखाली आहेत. इतर भागांत मात्र घराघरांत अजून पेट्या आहेत. संस्थानी शिलेखान्याच्या जमाखर्चाचे बंद, हत्यारांच्या परवान्याची जुनी पुस्तके, दुरुस्तीच्या पावत्या, लोहार-शिकलगारांना दिलेल्या वतनांच्या सनदा, असे काही आपणापैकी कोणाकडे असेल तर ते रद्दीत न घालता ग्रंथालयाच्या स्वाधीन करावे, किंवा निदान नक्कल करून घेण्यास द्यावे. बंदूक नको, कागद हवेत! लेख मोडीत असल्यास तो वाचून बाळबोधीत उतरवून देण्याचे काम मी करीन. कारागिराचे नाव आढळेल तेथे ते ठळक अक्षरांत लिहीन.